परवानगीपत्रातले एक वाक्य: परिचारिकांच्या भावनिक बुद्धिमत्तेच्या अभ्यासातील एक प्रकरण

या लेखातील रुग्णालय आणि व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र जशी होती तशी ठेवली आहेत. मी या संशोधनाचा मार्गदर्शक होतो आणि पुढे ज्या चुकीची चर्चा येते तिच्या दोन्ही कागदांवर माझी सही आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी विश्वस्त संस्थेने चालवलेले मध्यम आकाराचे रुग्णालय आहे. संशोधिका मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. त्यापूर्वी काही वर्षे तिने अशाच एका रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांना समुपदेशन केले होते, आणि त्या काळात तिच्या लक्षात आले होते की नातेवाइकांच्या रागाला तोंड देणाऱ्या सिस्टरांशी मात्र कोणी बोलत नाही. त्यातून तिने प्रबंधाचा विषय घेतला: ज्या परिचारिकांची भावनिक बुद्धिमत्ता अधिक, त्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले असते का, आणि कामाचा ताण वाढला की हा संबंध टिकतो का?

भावनिक बुद्धिमत्ता ही संकल्पना पीटर सालोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये मांडली. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतला फरक जाणणे आणि त्या माहितीचा उपयोग विचार व वागणूक ठरवताना करणे, असा तिचा मूळ अर्थ होता. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती घरोघरी पोहोचली, आणि कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनी तिला नोकरभरतीच्या भाषेत ओढून घेतले. पुढचे सगळे प्रकरण समजून घेताना हा दुसरा प्रवास ध्यानात ठेवावा लागतो, कारण रुग्णालयाचे व्यवस्थापन जेव्हा 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणत होते तेव्हा त्यांच्या मनात हा भरतीचा अर्थ होता आणि आमच्या मनात १९९० मधला.

ही बुद्धिमत्ता मोजण्याच्या दोन वाटा आहेत. एका वाटेत क्षमतेची चाचणी घेतात, म्हणजे चेहरे दाखवून त्यांवरील भाव ओळखायला सांगतात किंवा प्रसंग देऊन कोणता उपाय किती उपयोगी पडेल हे विचारतात. मेयर, सालोवे आणि करुसो यांची २००२ मध्ये आलेली १४१ प्रश्नांची चाचणी या प्रकारातली आहे. दुसऱ्या वाटेत व्यक्तीलाच स्वतःविषयी विधाने देऊन ती किती लागू पडतात हे विचारतात. निकोला शुट्टे आणि सहकाऱ्यांची १९९८ मधली ३३ विधानांची प्रश्नावली हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पहिली चाचणी महाग, लांबलचक आणि परक्या चेहऱ्यांची. ड्युटी संपवून एसटी गाठायच्या घाईत असलेल्या सिस्टरपुढे ती ठेवणे शक्य नव्हते. आम्ही दुसरी वाट निवडली. निर्णय सोयीचा होता आणि त्याची किंमत आम्हाला ठाऊक होती. २०१६ मध्ये सान्चेझ-अल्वारेझ, एक्स्ट्रेमेरा आणि फर्नांडेझ-बेरोकाल यांनी आधीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात क्षमतेच्या चाचणीने मोजलेली भावनिक बुद्धिमत्ता आणि व्यक्तीला स्वतःला जाणवणारे स्वास्थ्य यांच्यातील सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.२२ होता, तर स्वकथनाच्या प्रश्नावल्यांमध्ये तो त्यांच्या प्रकारानुसार ०.३२ आणि ०.३८ होता. एकच माणूस एकाच बैठकीत, एकाच मनःस्थितीत 'मी भावना नीट हाताळते' आणि 'मी आनंदात आहे' ही दोन्ही उत्तरे देतो तेव्हा संबंध थोडा फुगणारच. गटाचे सर्वसाधारण चित्र पाहायला असे साधन चालते, पण एका विशिष्ट सिस्टरविषयी काही ठरवायला चालत नाही.

शब्दांची अडचण

भाषांतर नेहमीच्या पद्धतीने झाले: एकाने मराठी केले, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचे उलट भाषांतर केले आणि फरक तपासले. कागदावर सगळे जुळले. मग संशोधिकेने हट्टाने आणखी एक पायरी घेतली, जी मी वेळेअभावी गाळायला सुचवली होती. तिने सहा परिचारिकांसोबत एकेक विधान मोठ्याने वाचले आणि 'हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय आले?' असे विचारले.

मराठीत 'भावना' हा शब्द एक तर हळुवार असतो, नाही तर दुखावला जाणारा असतो. राग, किळस, कंटाळा यांना बोलताना कोणी भावना म्हणत नाही. 'राग आला' म्हणतात, 'डोकं फिरलं' म्हणतात. 'ती फार भावनिक आहे' हे वाक्य नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहापासून वॉर्डापर्यंत तक्रार म्हणूनच उच्चारले जाते, म्हणजे लवकर रडते, कॅज्युअल्टीच्या कामाची नाही. त्यामुळे 'भावनिक बुद्धिमत्ता' हे शब्द ऐकून दोघींनी हसून विचारले की हळव्या माणसाला बुद्धिमत्ता कसली.

खरा धक्का भावनांवरील नियंत्रणाच्या विधानापाशी बसला. अतिदक्षता विभागातल्या एका सिस्टरांनी त्यावर पाचपैकी पाच गुण दिले. का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "गिळते ना मॅडम. नातेवाईक काहीही बोलतात, आपण गिळायचं. म्हणून पाच." इतर तिघींनीही 'नियंत्रण' म्हणजे गिळणे, आवरणे, तोंडावर न दिसू देणे असाच अर्थ सांगितला. जेम्स ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांनी २००३ मध्ये दाखवले होते की प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहून स्वतःला सावरणाऱ्यांचे स्वास्थ्य बरे असते आणि भावना दाबून ठेवणाऱ्यांचे उणे असते. या दोन विरुद्ध सवयींना आमचे मराठी विधान एकच गुण देत होते. शिवाय हे गिळणे परिचारिकेच्या नोकरीचाच भाग असते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील हवाई सुंदरींच्या संदर्भात ज्याला भावनिक श्रम म्हटले, तेच श्रम इथे पगारपत्रकावर न दिसता रोज होत होते.

विधानाचा अर्थ बदलला तर मूळ साधनाशी तुलना तुटते, आणि तसेच ठेवले तर गिळण्याला बुद्धिमत्ता म्हणावे लागते. आम्ही विधान ठेवले आणि शेवटी एक मोकळा प्रश्न जोडला: 'कामावर शेवटचा राग कधी आला आणि त्याचे तुम्ही काय केले?' त्याखाली चार ओळींची जागा सोडली. पुढे अभ्यास जेवढा टिकला तो या चार ओळींमुळे.

स्वास्थ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली वापरली. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, उत्साह होता का, झोपेतून ताजेतवाने उठलात का, दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेला होता का, एवढेच ती विचारते. प्रत्येकाला ० ते ५ गुण असतात आणि एकूण २५ पैकी १३ पेक्षा कमी आले तर नैराश्याची पुढील तपासणी करावी असा संकेत आहे. झोपेच्या विधानाने मात्र आमच्या लक्षात आणून दिले की ज्या सिस्टरला त्या चौदा दिवसांत सलग नाईट लागली असेल तिचे गुण मनाच्या नव्हे, ड्युटीच्या तक्त्याच्या हिशेबाने पडतील. म्हणून त्या काळातील रात्रपाळ्यांची संख्या विचारणारी एक चौकट वर घातली.

समस्या

ठरवलेल्या फॉर्मांपैकी सुमारे दोन तृतीयांश भरून झाले असताना व्यवस्थापनाचे पत्र आले. अतिदक्षता विभाग आणि कॅज्युअल्टी यांसाठी नव्या इनचार्ज सिस्टर नेमायच्या आहेत, तरी सहभागी परिचारिकांची नावांनिशी गुणयादी द्यावी. ज्यांचे गुण कमी आहेत त्यांना समुपदेशनासाठी पाठवण्यात येईल. पत्राची भाषा सौजन्याची होती आणि त्यात आमच्याच अर्जाचा हवाला होता. परवानगी मागताना आम्ही लिहिले होते, 'अभ्यासाचे निष्कर्ष रुग्णालय व्यवस्थापनास सादर केले जातील.' अशी वाक्ये आपण अर्जात सवयीने लिहितो, कारण त्यांमुळे परवानगी लवकर मिळते. त्याच वेळी परिचारिकांच्या संमतीपत्रात 'आपली उत्तरे गोपनीय राहतील' असे होते. एका कागदावर अधीक्षकांची सही, दुसऱ्यावर सिस्टरांची. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणे हे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते.

भर म्हणजे नावे आणि क्रमांक जोडणारी यादी अस्तित्वात होती. तीन महिन्यांनी त्याच परिचारिकांकडून पुन्हा फॉर्म भरून घेऊन बदल पाहायचा होता, म्हणून संशोधिकेने ती संगणकात कुलूपबंद ठेवली होती. म्हणजे 'आमच्याकडे नावे नाहीत' हे सोपे उत्तर आम्हाला उपलब्ध नव्हते.

पत्राची बातमी ड्युटी रूममध्ये पोहोचायला एक दिवस लागला. त्यानंतर आलेल्या फॉर्मांमध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जवळपास सगळी विधाने पाचवर खूण केलेली होती, उलट अर्थाची विधानेसुद्धा, आणि मोकळ्या प्रश्नाखाली 'राग येत नाही' एवढेच. एका ज्येष्ठ सिस्टरांनी संशोधिकेला जिन्यात थांबवून विचारले, "मॅडम, आमचं चुकलं का तुमच्यावर विश्वास ठेवून?" तिच्या रोजनिशीत त्या दिवसाखाली एवढे एकच वाक्य आहे.

याच आठवड्यात तिला आधीच्या गठ्ठ्यातील एक फॉर्म सापडला. स्वास्थ्याचे गुण अगदी तळाशी होते आणि रागाच्या प्रश्नाखाली लिहिले होते, 'राग येण्याइतकी ताकद राहिली नाही, रात्री घरी असले तरी झोप लागत नाही, सांगणार कोणाला.' क्रमांकावरून ती कोण हे कळू शकत होते. संमतीपत्रात गोपनीयतेची हमी होती, पण कोणी फार त्रासात आहे असे दिसले तर आम्ही काय करू, याचा त्यात एक शब्दही नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

यादी देण्याचा पर्याय चर्चेआधीच बाद होता, तरी तो का बाद आहे हे व्यवस्थापनाला पटेल अशा शब्दांत मांडण्याची गरज होती. संमती हे एक कारण. दुसरे कारण मापनाचे: हे गुण माणूस स्वतःविषयी काय म्हणतो ते सांगतात, आणि नेमणूक त्यांवर अवलंबून आहे हे कळताच तो काय म्हणेल हे शेवटच्या गठ्ठ्याने दाखवले होते. शिवाय गिळण्याला पाच गुण देणारे साधन कॅज्युअल्टीसाठी माणूस निवडायला वापरले तर सर्वांत जास्त गिळणारी सिस्टर सर्वांत जास्त ताणाच्या जागी बसण्याचा धोका होता.

अभ्यास बंद करून सगळे फॉर्म नष्ट करणे हा नैतिकदृष्ट्या स्वच्छ दिसणारा मार्ग होता आणि दोन दिवस माझे मत त्याच बाजूला होते. संशोधिकेने त्याला विरोध केला. सिस्टरांनी ड्युटीनंतर थांबून भरलेले फॉर्म फाडून टाकणे हीसुद्धा त्यांची फसवणूकच आहे, असे तिचे म्हणणे होते. आणि आपण निघून गेलो तर व्यवस्थापन उद्या बाजारातली एखादी चाचणी आणून हेच करील.

तिसरा पर्याय वॉर्डनिहाय सरासरी देण्याचा. तो मधला मार्ग वाटतो, म्हणून त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. पण कॅज्युअल्टीतून फॉर्म भरणाऱ्या तिघीच होत्या. तिघींच्या सरासरीत कोणी लपत नाही; मेट्रनला, म्हणजे मुख्य परिचारिकेला, त्या तिघी रोज दिसतात आणि कमी सरासरीचा दोष कोणाच्या माथी जाईल हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. मोठ्या वॉर्डांचेच आकडे द्यावेत तर व्यवस्थापनाला ज्या दोन विभागांची काळजी होती तेच गाळले जात होते.

उरला तो मार्ग वेळखाऊ होता: संकलन थांबवायचे, झाला प्रकार संस्थात्मक नैतिकता समितीला स्वतःहून कळवायचा, सहभागींकडून नव्याने संमती घ्यायची, आणि व्यवस्थापनाशी बसून त्यांना यादी नेमकी कशासाठी हवी आहे हे विचारायचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वरिष्ठांच्या अधिकाराखाली काम करणाऱ्यांची संमती खरोखर ऐच्छिक आहे का हे विशेष काळजीने पाहायला सांगतात. आम्ही ते वाचले होते, पण आमच्या मनात त्या वेळी कैदी आणि विद्यार्थी होते. मेट्रनने 'सगळ्यांनी फॉर्म भरा' असे हँडओव्हरच्या वेळी सांगितले तेव्हा त्यात आम्हाला सहकार्य दिसले होते.

केलेली कृती

पत्र मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी संकलन थांबले. नैतिकता समितीपुढे आम्ही दोन्ही कागद ठेवले. समितीने परवानगीपत्रातील वाक्याचा अर्थ 'केवळ संपूर्ण रुग्णालयाचे एकत्रित निष्कर्ष' असा लेखी स्पष्ट करण्यास सांगितले आणि नावांची यादी शक्य तितक्या लवकर नष्ट करावी असे सुचवले. ती नष्ट केली की तीन महिन्यांनंतरचे मोजमाप अशक्य होणार होते आणि प्रबंधातील मूळ प्रश्नाचा अर्धा भाग जाणार होता. संशोधिकेने तरीही होकार दिला. एकच अट घातली: त्या एका फॉर्मविषयी निर्णय झाल्याशिवाय यादी पुसायची नाही.

त्या निर्णयावर आमचे एकमत झाले नाही. माझे मत होते की सर्व सहभागींना एकसारखे पत्र द्यावे, त्यात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि रुग्णालयाबाहेरील समुपदेशकाची माहिती असावी, आणि कोणालाही वेगळे काढू नये. समितीतील मनोविकारतज्ज्ञांनी विचारले की ती ओळ लिहिताना त्या सिस्टरला कोणी तरी वाचेल अशी अपेक्षा नव्हती का? जीव देण्याचा विचार लिहिलेला असता तर गोपनीयतेचा प्रश्न उरलाच नसता, कारण जीव वाचवणे आधी. पण इथे तसे स्पष्ट काही नव्हते आणि म्हणूनच निर्णय अवघड होता. शेवटी दोन्ही झाले. पत्र सगळ्यांना बंद पाकिटात गेले, आणि संशोधिका त्या सिस्टरांना, कोणाच्याही मार्फत निरोप न पाठवता, सकाळची ड्युटी सुटताना रुग्णालयाच्या फाटकाबाहेर भेटली. तिने सरळ सांगितले, "तुम्ही लिहिलेली ओळ मी वाचली. यादी उद्या पुसली जाणार आहे. त्याआधी विचारल्याशिवाय मला राहवलं नाही." सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले की सहकारी रजेवर गेल्यापासून त्यांच्या नाईट जोडून लागत आहेत, मुलगा दहावीला आहे आणि दिवसा घरात झोपायला जागा अशी नाही. "मला समुपदेशन नको, मॅडम. मला आठवड्याला एक सरळ ऑफ हवा." जीवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का, हे तिने आडपडदा न ठेवता विचारले, उत्तर नाही असे आले. पाकिटातला क्रमांक त्यांनी पर्समध्ये ठेवला. त्यांनी पुढे तो लावला की नाही, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

व्यवस्थापनासोबतच्या बैठकीला अधीक्षक आणि मेट्रन दोघे होते. मेट्रनविषयी माझा मनातला ग्रह बैठकीत बदलला, हेही नोंदवतो. संशोधिकेने त्यांना विचारले की यादी मिळाली असती तर तुम्ही पहिले काय केले असते. त्या म्हणाल्या, "कॅज्युअल्टीत रोज भांडणं होतात. गेल्या महिन्यात एका सिस्टरच्या अंगावर ट्रे फेकला. मला तिथे डोकं शांत ठेवणारी माणसं हवीत, नाहीतर कोणीतरी मार खाईल." कॅज्युअल्टीच्या भिंतीवर रुग्णालयातील हिंसाचाराला प्रतिबंध करणाऱ्या २०१० च्या महाराष्ट्र अधिनियमाचा फलक होता; तो वाचून ट्रे फेकणारा थांबत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांची काळजी खरी होती. चूक एवढीच होती की धोका जागेत आणि वेळेत असताना उत्तर सिस्टरांच्या स्वभावात शोधले जात होते.

संशोधिकेने यादीऐवजी दुसरा प्रस्ताव ठेवला: मागील तीन महिन्यांची तक्रार वही आणि त्याच काळातील ड्युटीचा तक्ता एकत्र वाचू. मेट्रन आणि ती दोन दुपारी त्यासाठी बसल्या. बहुतेक भांडणे संध्याकाळी, दुपारची पाळी ओव्हर देऊन रात्रपाळी ताब्यात घेण्याच्या सुमारास होती. त्या वेळी एक सिस्टर फाइलींत मान घालून, दुसरी औषधांचा हिशेब देत, आणि बाहेर भेटीची वेळ असल्याने नातेवाइकांची गर्दी. उत्तर द्यायला मोकळे कोणीच नसायचे. ज्या सिस्टरांची नावे वहीत वारंवार होती त्यांना त्या पाळ्याही वारंवार लागलेल्या होत्या.

निष्पत्ती

गुणयादी दिली गेली नाही. इनचार्जच्या नेमणुका नेहमीप्रमाणे सेवाज्येष्ठता आणि मुलाखत यांवर झाल्या. कॅज्युअल्टीत पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर काही मिनिटे एकत्र राहतील आणि तेवढा वेळ एकजण फक्त नातेवाइकांशी बोलेल अशी व्यवस्था झाली. दाराशी संध्याकाळी एक वॉर्डबॉय मामा बसू लागले. जोडून नाईट लावण्यावर मेट्रननी स्वतः मर्यादा घातली. मामा अजून बसतात. नाईटची मर्यादा दिवाळीच्या रजांमध्ये मोडली आणि पुढे नीट पाळली गेली नाही, कारण माणसेच कमी होती.

नव्याने संमती मागितल्यावर काही परिचारिकांनी फॉर्म परत मागून घेतले. ते त्यांच्यासमोर फाडण्यात आले. पत्रानंतर भरलेले सगळे फॉर्म विश्लेषणातून वगळले. उरलेल्यांत भावनिक बुद्धिमत्ता आणि स्वास्थ्य यांचा संबंध आधीच्या अभ्यासांच्याच दिशेने दिसला, पण नमुना इतका लहान झाला होता की प्रबंधात त्याला एक छोटे प्रकरणच मिळाले. मोठा भाग त्या चार ओळींच्या उत्तरांवर उभा राहिला: परिचारिका राग कुठे ठेवतात. कोणी लिननच्या खोलीत जाऊन दोन मिनिटे उभी राहते, कोणी मावशींना चहा आणायला सांगते, कोणी घरी पोहोचेपर्यंत एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत बसते आणि मग मुलावर ओरडते. प्रबंधाचे शीर्षक बदलावे लागले, त्यासाठी विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे पुन्हा जावे लागले आणि जवळपास एक वर्ष वाढले. त्या वर्षाची शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त दुरुस्ती कागदाची होती. परवानगीचा अर्ज आणि संमतीपत्र एकाच टाचणीत लावून एकाच व्यक्तीने एका बैठकीत वाचले असते तर विसंगती पाच मिनिटांत दिसली असती. नावांची यादीही टाळता आली असती: सहभागीने स्वतःच आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेचा दिवस, मोबाइलचे शेवटचे दोन अंक अशा गोष्टींवरून संकेतांक तयार केला तर दोन वेळचे फॉर्म जुळतात आणि संशोधकाकडे नाव राहत नाही. पण तसे केले असते तर फाटकाबाहेरची ती भेटही झाली नसती. या दोहोंपैकी काय बरे, यावर संशोधिकेचे आणि माझे आजही जमत नाही. आता आम्ही संकेतांक वापरतो आणि फॉर्मच्या शेवटी एक चौकट ठेवतो, 'मला कोणीतरी संपर्क करावा असे वाटते', तिच्याखाली ऐच्छिक फोन क्रमांक. ही चौकट ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो भरेलच असे नाही.

मेट्रनकरवी फॉर्म वाटणे ही दुसरी चूक. संकलन त्यांच्या उपस्थितीत नसते तर नकार देणे सोपे गेले असते आणि अफवेलाही कमी बळ मिळाले असते.

तिसरी गोष्ट क्रमाची आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ड्युटीचा तक्ता आणि तक्रार वही आम्ही संकट आल्यावर पाहिली. ती पहिल्या महिन्यात पाहिली असती तर स्वास्थ्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टींमध्ये आम्ही रात्रपाळी आणि ओव्हरची वेळ यांना मुख्य जागा दिली असती आणि भावनिक बुद्धिमत्तेला त्यांच्या शेजारी बसवले असते. मानसशास्त्राचा अभ्यासक माणसाच्या आत पाहायला शिकलेला असतो, त्यामुळे भिंतीवर टांगलेला तक्ता त्याला उशिरा दिसतो.

विभागाच्या नमुना अर्जात आता पुढील वाक्य आहे: 'कोणत्याही सहभागीचे, किंवा दहापेक्षा कमी सहभागी असलेल्या कोणत्याही गटाचे, गुण रुग्णालयास कोणत्याही स्वरूपात दिले जाणार नाहीत.' पुढील वर्षी दुसऱ्या एका रुग्णालयाने हे वाक्य वाचून ते काढून टाकण्याच्या अटीवर परवानगी देऊ केली. अर्ज मागे घेतला.